परकीय भाषेच्या तासाला विनातयारीचे खेळ: तुमच्याकडे काय चालतं?

संध्याकाळची_बॅच
गुरुवार, रात्री १०:१५

मंडळी, कोल्हापुरात राजारामपुरीत एका छोट्या हॉलमध्ये मी जर्मन शिकवते. ए-१ ची, म्हणजे पहिल्या पातळीची बॅच, संध्याकाळी साडेसहा ते आठ. बावीस जण आहेत. नर्सिंग झालेल्या सात मुली, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतले सहा जण, चार इंजिनिअरिंगची पोरं, आणि मुलं-सुना जर्मनीत आहेत म्हणून शिकायला येणारे पाच काका-काकू. सगळे दिवसभराचं काम उरकून येतात आणि मीही दुसरी नोकरी करूनच येते. चित्रांची कार्डं कापा, लॅमिनेट करा, झेरॉक्स काढा, हे माझ्याच्यानं रोज होत नाही. नुसता पुस्तकातला धडा वाचत नेला तर सव्वासातला मागच्या रांगेतले डोळे मिटायला लागतात.

म्हणून हा धागा. फळा, खडू, वही आणि माणसं एवढ्यावर होणारे खेळ एका जागी गोळा करूया. भाषा कोणतीही चालेल. आधी माझे सांगते.

सर्वांत जास्त चालतो तो नाव-गाव-फळ-फूल. जर्मन मुलं हाच खेळ 'श्टाट, लांट, फ्लुस' म्हणून खेळतात, म्हणजे शहर, देश, नदी. एकानं मनात ए, बी, सी म्हणायचं, दुसऱ्यानं 'श्टॉप' म्हणायचं, जे अक्षर येईल ते घ्यायचं. तिकडची गुणांची रीतही सुंदर आहे. रकान्यात तुझ्या एकट्याचंच उत्तर असेल तर २०, इतरांपेक्षा वेगळं असेल तर १०, दुसऱ्या कुणाशी जुळलं तर ५. आमच्याकडे पी आला की नदीच्या रकान्यात सगळे पंचगंगा लिहितात आणि सगळ्यांना पाच-पाच मिळतात. एका नर्सिंगच्या मुलीनं इटलीतली 'पो' लिहिली तेव्हा हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मी त्यात प्राणी, व्यवसाय आणि घरातली वस्तू असे तीन रकाने वाढवलेत आणि नियम एकच: त्या रकान्यांत नामाआधी डेर, डी किंवा दास, म्हणजे लिंग दाखवणारं आर्टिकल, नसेल तर शून्य. गुणांसाठी का होईना, आर्टिकल नामाला चिकटतं.

पण खरा खेळ लिहून झाल्यावर सुरू होतो. लिहिताना सगळे गप्पच असतात ना? म्हणून गुण मोजायचे ते बोलून. चौघांच्या गटात प्रत्येकानं शेजाऱ्याला पूर्ण वाक्यात विचारायचं, 'तुझं शहर कोणतं?', 'तुझा प्राणी कोणता?' त्यानं पूर्ण वाक्यात सांगायचं. त्या पाच मिनिटांत प्रत्येकाच्या तोंडून दहा-बारा वाक्यं निघतात.

मी खेळाला आताशा हीच एक कसोटी लावते. दहा मिनिटांत एकेका माणसाची किती वाक्यं झाली? या कसोटीवर माझे बरेच जुने आवडते खेळ पडले. फळ्यावर रेघा ओढून अक्षरं ओळखायचा खेळ सगळ्यांना आवडतो, पण दहा मिनिटांत अख्ख्या वर्गाच्या वाट्याला एक शब्द येतो, तोही सुटी अक्षरं म्हणून. कानगोष्टींचं तेच. एक जण कुजबुजतो, एकवीस जण वाट बघतात, आणि पहिल्यानं चुकीचा उच्चार केला की तो शेवटपर्यंत जातो. दोन्ही मी बंद केले.

तुमचे सांगा. खास करून आकड्यांसाठी काय करता? आमच्याकडे आकडे फार अडतात.

*

साकुरा_शाहूपुरी
गुरुवार, रात्री ११:०२

ताई, फार गरजेचा धागा काढलात. मी जपानी शिकवते, एन-५ च्या, म्हणजे पहिल्या पातळीच्या दोन बॅचेस. जेएलपीटीत, म्हणजे जपानीच्या पातळी-परीक्षेत, तोंडी परीक्षा नसतेच, त्यामुळे बोलायचं ते तासालाच. तिथं नाही बोललं तर पोरं परीक्षा पास होतात आणि जपानी माणूस समोर आला की गप्प उभी राहतात.

आपल्या भेंड्यांचा जपानी भाऊ म्हणजे शिरितोरी. शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द. सुशि, मग शिका म्हणजे हरीण, मग कासा म्हणजे छत्री, मग साकुरा. 'न'वर संपणारा शब्द म्हटला की हार, कारण त्या 'न'नं सुरू होणारा शब्द जपानीत मिळत नाही. 'रा' आलं की नवखे लगेच 'राइओन' म्हणतात, म्हणजे सिंह, आणि तिथंच हरतात. आपल्या मुलांना हा खेळ समजावून सांगावाच लागत नाही. इंग्रजीत शब्द सुट्या मुळाक्षरांत तुटतो. जपानी काना, म्हणजे त्यांच्या लिपीतलं अक्षर, आपल्या अक्षरासारखं आहे, का, की, कु असं अख्खं. भेंड्या खेळलेल्या कानाला ते लगेच कळतं.

त्यावरून अजून एक. हिरागाना ही जपानी लिपी शिकवायच्या पहिल्याच दिवशी मी फळ्यावर पाच स्वर लिहिते: आ, इ, उ, ए, ओ. मग ओळींची सुरुवात: का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आणि विचारते, हा क्रम कुठं पाहिलाय? दोन-तीन मिनिटांत कुणीतरी ओरडतंच, 'मॅडम, ही तर आपली बाराखडी!' तो क्रम बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आलाय. ही गोष्ट मी स्वतः सांगत नाही, त्यांना शोधू देते. ४६ अक्षरांची भीती त्या दोन-तीन मिनिटांत निम्मी होते.

वाक्यांसाठी 'वाढतं वाक्य'. मी फक्त क्रियापद देते. 'ताबेमास', खातो. पहिला विचारतो, 'नानि ओ?', काय? दुसरा म्हणतो, 'भेळ ओ ताबेमास.' मग 'दारे तो?', कुणाबरोबर? 'तोमोदाचि तो भेळ ओ ताबेमास.' मग 'दोको दे?', कुठे? 'रंकाळा दे तोमोदाचि तो भेळ ओ ताबेमास.' शेवटी 'इत्सु?', केव्हा? 'निचियोबि नि रंकाळा दे तोमोदाचि तो भेळ ओ ताबेमास.' आता याच्याखाली मराठी लिहा: रविवारी रंकाळ्यावर मित्राबरोबर भेळ खातो. शब्दाला शब्द, त्याच जागेवर! आपला 'वर' आणि त्यांचा 'दे', आपला 'बरोबर' आणि त्यांचा 'तो', दोन्ही नामाच्या मागे. इंग्रजीतून जपानी शिकवताना जे वाक्य उलटं करून सांगावं लागतं ते मराठीतून सरळ येतं. माझी कळकळीची विनंती आहे, मराठी मुलांना जपानी मराठीतून शिकवा.

*

भट्टीवाला
शुक्रवार, सकाळी ७:४०

मी शिकवत नाही, शिकतो. शिरोलीत फाउंड्रीत सुपरवायझर आहे, वय ४१. दुसऱ्या एका क्लासला जर्मन शिकायला जात होतो. विद्यार्थी म्हणून एक सांगू का? चूक झाली की बाद, असा खेळ कृपा करून ठेवू नका.

तिथं आकड्यांचा खेळ होता. गोलात उभं राहायचं, एक-एकानं पुढचा आकडा म्हणायचा, सात आणि सातच्या पटीला टाळी. चुकला की खाली बसायचं. मी पहिल्या फेरीतच बसायचो. माझ्या शेजारी विशीतली पोरं, त्यांची जीभ चटकन वळते. मी बसून वीस मिनिटं त्यांचा खेळ बघायचो. ज्याला सराव सगळ्यात कमी तोच बाहेर. चार शनिवार असं झालं आणि मी जायचं सोडलं. सर चांगले होते, त्यांच्या हे ध्यानातच आलं नाही.

आता परत सुरू केलंय, दुसरीकडे. इथं खेळ जोडीनं असतात. जोडीदारासमोर चुकायला काही वाटत नाही. बावीस जणांसमोर चुकायचं म्हणजे हातापायाला घाम येतो राव. दिवसभर तीस माणसांवर ओरडणारा मी, तिथं 'गुटन आबेंट' म्हणताना आवाज फुटत नव्हता.

*

संध्याकाळची_बॅच
शुक्रवार, दुपारी १:२०

@भट्टीवाला दादा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. टाळीचा तो खेळ मीही खेळते, आणि बादही करते. आजपासून बंद. आता चुकणारा बाहेर जाणार नाही, त्याच्यापासून मोजणी पुन्हा एकपासून सुरू होईल आणि सगळ्या गोलानं मिळून ४० पर्यंत पोचायचं.

@साकुरा, वाढतं वाक्य मी उद्याच उचलते. जर्मनमध्ये 'वाइल', म्हणजे कारण, आलं की क्रियापद शेवटी जातं: 'वाइल इश म्यूडं बिन', कारण मी दमलोय. शेवटी क्रियापद म्हणजे आपलं घरचंच दुखणं, तिथं तुमची रीत चपखल बसेल.

*

रुईकर_कॉलनी
शुक्रवार, दुपारी ४:०५

मी एकतीस वर्षं शिकवलं. कुणाला नाउमेद करायचं नाही, पण माझा अनुभव वेगळा आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून माझ्याकडे विचारणा करणारी पोरं वाढली. घरची परिस्थिती बेताची, कुणी सोनं गहाण टाकून फी भरलेली. नर्सिंगच्या मुलींना तर बरीच वरची बी-२ पातळी गाठायचीय. त्यांना रूपं पाठ हवीत, लेखन हवं, परीक्षेचे नमुने सोडवायला हवेत. दीड तासातली अर्धी वेळ खेळात गेली तर पालक विचारतील, आणि त्यांनी विचारावंच.

*

संध्याकाळची_बॅच
शुक्रवार, रात्री ९:३०

सर, तुमची काळजी रास्त आहे. त्या फीमागे काय असतं ते मलाही दिसतं. म्हणूनच सविस्तर लिहिते.

ग्योथे इन्स्टिट्यूटच्या ए-१ जर्मन परीक्षेचा तोंडी भाग घ्या. तो गटात होतो, साधारण पंधरा मिनिटं, तीन भाग. पहिल्यात स्वतःची ओळख, त्यातच नावाचं स्पेलिंग आणि एखादा नंबर सांगायला लावतात. दुसऱ्यात विषयाचं एक कार्ड उचलायचं, समजा 'खाणं-पिणं', आणि त्यावर शब्द असतो 'रविवार'. त्यावरून समोरच्याला प्रश्न विचारायचा, त्यानं उत्तर द्यायचं. तिसऱ्यात चित्राच्या कार्डावरून काहीतरी मागायचं किंवा विनंती करायची, समोरच्यानं प्रतिसाद द्यायचा.

म्हणजे कार्ड उचला, विचारा, उत्तर द्या. परीक्षाच मुळी खेळाच्या आकाराची आहे. मी वहीच्या कागदाचे तुकडे फाडायला लावते. प्रत्येक जण चार शब्द लिहितो आणि पालथे टाकतो. चौघांच्या गटात सोळा चिठ्ठ्या, तयारी दोन मिनिटं, तीही त्यांनीच केलेली. कुणी 'गुळाचा चहा' लिहितं, कुणी 'केएमटी', म्हणजे आपली सिटी बस. मग केएमटीवर जर्मनमध्ये प्रश्न काढायचा! 'फेर्स्ट डू मिट डेम बुस त्सुअर आरबाइट?', कामाला बसनं जातेस का? याला मी परीक्षेची तयारीच समजते.

रूपं पाठ हवीत हे शंभर टक्के मान्य. ती मी घरी करायला देते. तासाला चार माणसं समोरासमोर मिळतात, घरी ती मिळत नाहीत.

*

रुईकर_कॉलनी
शुक्रवार, रात्री १०:१०

चिठ्ठ्यांचं पटलं. मी नमुना कार्डं वापरत होतो, पण ती माझ्या हातात असायची आणि एका वेळी एकालाच विचारायचो. बाकीचे ऐकत बसायचे. गट करून बघतो.

*

पेठेतला_फ्रेंच
शुक्रवार, रात्री ११:१५

आकड्यांचा विषय निघालाय तर फ्रेंचवाल्यानं बोलायलाच हवं. आमचं दुखणं सर्वांत मोठं! फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे 'साठ-दहा', ऐंशी म्हणजे 'चार वीस', नव्वद म्हणजे 'चार वीस दहा'. ९२ म्हणजे 'कात्र-व्हँ-दूझ', चार वीस बारा. पुण्या-मुंबईची पोरं डोक्याला हात लावतात.

मी शिवाजी पेठेतला. माझी आजी विसांनी मोजायची. आंबे मोजताना एक इसा, दोन इसा, आणि नव्वदला 'चार इसा न् धा'. पहिल्या तासाला मी मुलांना सांगतो, घरी जाऊन आजी-आजोबांना विचारून या की ते विसांनी कसे मोजायचे. दुसऱ्या तासाला करवीर, कागल, राधानगरीकडची मुलं उजळलेल्या चेहऱ्यानं येतात. एरवी हीच मुलं इंग्रजी कमी म्हणून मागं बसतात. त्या दिवशी फळ्यापाशी ती असतात आणि शहरातल्या मुलांना समजावून सांगतात. तयारी शून्य, आणि 'कात्र-व्हँ-दीस' पुन्हा शिकवावं लागत नाही. (बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये नव्वदला 'नोनांत' असा साधा शब्द आहे हे मी मुद्दाम नंतर सांगतो.)

बोलण्यासाठी आमचा हुकमी खेळ म्हणजे 'नी वी, नी नों', ना हो, ना नाही. फ्रान्समधली लहान मुलं खेळतात. जोडीत एकानं एक मिनिट प्रश्नांचा भडिमार करायचा. दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, पण 'वी' आणि 'नों' हे दोन शब्द तोंडातून येता कामा नयेत. 'तू कोल्हापुरात राहतोस?' 'ब्यँ स्यूर, जाबित आ कोल्हापूर.' म्हणजे 'अर्थातच, मी कोल्हापुरात राहतो.' 'तिखट खात नाहीस ना?' 'पा द्यू तू', म्हणजे अजिबात नाही, आणि मग पुढं वाक्य. खरंच, कदाचित, बघू, अवलंबून आहे, असे शब्द पाठ करायला दिले तर कुणी करत नाही. इथं ते लागतातच, नाहीतर हरतो. चुकला की बाद नाही, फक्त भूमिका बदलायची. भट्टीवाला दादांना चालेल असा आहे.

*

कागलची_शिक्षिका
शनिवार, सकाळी ६:५०

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. इंग्रजी तुम्ही परकीय भाषेत धरता की नाही ठाऊक नाही, आमच्या पोरांना ती परकीच आहे. वर्गात ५४ मुलं, बाकं जागची हलत नाहीत. त्यामुळं उठून फिरायचे खेळ आमच्याकडे जमत नाहीत.

जमतं ते सांगते. एका बाकावरची दोघं ही जोडी. एकानं फळ्याकडे पाठ करायची. मी फळ्यावर शब्द लिहिते, दुसऱ्यानं तो शब्द न उच्चारता वर्णन करायचं. 'सायकल' असेल तर दोन चाकं आहेत, बाबा यावरून दूध घालायला जातात, असं इंग्रजीत. सत्तावीस जोड्या एकदम बोलतात! शेजारच्या वर्गाची तक्रार आली तेव्हा नियम केला, कुजबुजत बोलायचं. कुजबुजताना मुलं जास्तच मन लावून बोलतात हा मला नवा शोध होता.

आणि राजा-प्रधान-शिपाई-चोर. मागच्या बाकावरची दोघं वळून चौघांचा गट करतात, चार चिठ्ठ्या. शिपाई झालेल्यानं लगेच चोर ओळखायचा नाही. आधी तिघांनाही तेच तीन प्रश्न दोनदा विचारायचे: काल संध्याकाळी सातला कुठं होतास, कुणाबरोबर होतास, काय खाल्लंस. चोरानं दुसऱ्या वेळी एक उत्तर बदलायचं. शिपायाला ते कान देऊन ऐकावं लागतं. भूतकाळाची जेवढी वाक्यं यात होतात तेवढी माझ्या महिन्याभराच्या वहीत होत नाहीत. आणि मुलं हा खेळ आधीपासून खेळतातच, त्यामुळं नियम सांगण्यात वेळ जात नाही.

*

साकुरा_शाहूपुरी
शनिवार, सकाळी ९:१५

बाई, चोर-शिपाई अप्रतिम! जपानीत 'ताबेमाशिता, इकिमाशिता', म्हणजे खाल्लं, गेलो, यासाठी हेच लागत होतं मला.

*

घरबसल्या_शिकवणी
शनिवार, सकाळी ११:००

नमस्कार, मी जर्मनच शिकवते, पण ऑनलाइन आणि एकेकट्याला. गट नसेल तर काय करायचं? दोघंच असलो की खेळ लवकर संपतो.

*

पेठेतला_फ्रेंच
शनिवार, दुपारी १२:३०

ताई, 'ना हो, ना नाही' दोघांतच रंगतो, आलटून-पालटून खेळा. दुसरं म्हणजे विद्यार्थ्याला तीस सेकंदांत घरातून वस्तू आणायला सांगा: काहीतरी निळं, आजीची एखादी वस्तू, तुटलेलं काहीतरी. मग त्या वस्तूवर तीन मिनिटं बोलायचं. कुणाच्या हातात आजोबांची चंची येते, कुणाच्या हातात कॉलेजचा फुटबॉल कप. आमच्या इथं तर हमखास तालमीच्या फुटबॉल संघाच्या जर्सीचा फोटो येतो आणि मग बोलणं थांबवावं लागतं.

*

संध्याकाळची_बॅच
शनिवार, दुपारी २:४५

एकेकट्यासाठी मी एक करायचे ते लिहिते. एकच विषय तीनदा बोलायचा: आधी चार मिनिटं, मग तीन, मग दोन. गटात असाल तर दर वेळी ऐकणारा नवा. दोघंच असाल तर दुसऱ्या फेरीला तुम्ही कॅमेरा बंद करा, म्हणजे त्याला हातवारे वापरता येत नाहीत. ए-१ ला दोन, दीड आणि एक मिनिट पुरे. तिसऱ्या फेरीत अडखळणं कमी होतं हे त्याचं त्याला ऐकू येतं, मी कौतुक करायची वाट बघावी लागत नाही.

आणि आता आकडे. काल रात्री फ्रेंच दादांचं वाचून झोप लागली नाही, म्हणून आमचं दुखणं नक्की कुठं आहे ते वहीत तपासलं. जर्मनमध्ये एकक आधी आणि दशक मागून येतं: २५ म्हणजे 'फ्युन्फ-उंड-त्स्वान्त्सिश', पाच-आणि-वीस. मराठीतही तसंच, पंचवीस. म्हणजे आपल्याला सोपं जायला हवं, आणि जातंही. मराठी शाळेतली मंडळी २५, ३६, ४८ पटकन म्हणतात. इंग्रजी माध्यमाची मुलं उलटं करतात. पण मराठी माध्यमाचीही एका ठिकाणी हमखास चुकतात: २९, ३९, ४९. मी इतके दिवस त्याला निष्काळजीपणा समजत होते. मग उजेड पडला! ४९ आपल्या डोक्यात एकोणपन्नास आहे. कानात 'पन्नास' वाजतं आणि तोंडातून 'नॉइन-उंड-फ्युन्फ्त्सिश' बाहेर पडतं, म्हणजे ५९. आपण एक उणे करून मोजतो, जर्मन माणूस नऊ मिळवतो. नव्व्याण्णव मात्र सगळे बरोबर म्हणतात, कारण मराठीतही तिथं नऊच आहेत.

म्हणून आज संध्याकाळी आकड्यांची हौजी खेळणार. वहीत तीन बाय तीन चौकट, प्रत्येकानं २० ते ९९ मधले नऊ आकडे लिहायचे, त्यातले निदान तीन नवानं संपणारे. आकडे मी नाही, गटातलाच एक जण पुकारेल, दर पाच आकड्यांनी पुकारणारा बदलेल. उद्या सांगते कसं झालं.

*

भट्टीवाला
शनिवार, दुपारी ३:३०

अगदी बरोबर बोललात मॅडम! मी ३९ ला कायम ४९ म्हणतो आणि कुठं चुकतंय तेच कळत नव्हतं. एकोणचाळीस!! आता कळलं. भट्टीचं टेंपरेचर वाचताना सराव करणार.

*

पेठेतला_फ्रेंच
शनिवार, दुपारी ४:१०

जर्मनच्या लिंगांसाठी काही आहे का कुणाकडे? आमच्यात दोनच आहेत, तरी जीव जातो. तुमच्यात तीन.

*

संध्याकाळची_बॅच
रविवार, सकाळी १०:२०

आधी काल संध्याकाळचं. बावीस जणांचे पाच गट केले. पहिल्या पाच मिनिटांत पुकारणारेच ३९ आणि ४९ ला चुकले, आणि गटातल्यांनी सुधारलं. मी मधे पडले नाही. काकूंचा एक गट होता, त्यातल्या एक काकू पुकारायच्या आधी मराठीत स्वतःशीच म्हणायच्या, 'नऊ आणि चाळीस', आणि मग जर्मन. दुसऱ्या फेरीला सगळ्या हॉलनं तीच युक्ती उचलली. आठ वाजले तरी कुणी उठेना, शेवटी हॉलच्या काकांनी किल्ल्या वाजवल्या.

आता लिंगं. तीन भिंती ठरवायच्या, डेर, डी आणि दास. मी शब्द म्हणते, सगळ्यांनी आपापल्या अंदाजानं भिंतीकडे जायचं. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी बसून बोट दाखवायचं. भिंतीशी पोचल्यावर तिथल्या माणसाला त्या शब्दाचं एक वाक्य सांगायचं, नाहीतर नुसतं चालणं होतं.

मराठी माणसाला तीन लिंगांची कल्पना समजावावी लागत नाही, तो-ती-ते घरचंच आहे. फसतो ते जुळवायला जाऊन. पुस्तक ते आणि 'दास बूख', इथं जुळलं की माणूस खूश होतो. चंद्र तो, 'डेर मोंड', अजून खूश. मग सूर्य तो, पण 'डी झॉन'. खुर्ची ती, पण 'डेर श्टूल'. दार ते, पण 'डी ट्यूर'. आणि मुलगी ती, पण 'दास मेटशन'! 'शन' हा लाडाचा, लहानपणाचा प्रत्यय लागला की शब्द नपुंसकलिंगी होतोच, हा नियम त्या वेळी सांगायचा, सगळे चुकीच्या भिंतीशी उभे असताना. तेव्हा तो लक्षात राहतो. मी शब्द निवडताना एक जुळणारा, एक न जुळणारा असे आलटून-पालटून घेते.

आता माझाच एक प्रश्न. पुढच्या आठवड्यात कुठं आहे, कशाखाली आहे, कशावर आहे, ते सुरू होतंय. त्यात आर्टिकल बदलतं. 'डेर टिश'चं 'आउफ डेम टिश', 'डी ट्यूर'चं 'हिंटर डेर ट्यूर'. तक्ता दिला की पाठ होतो आणि बोलताना कुणी वापरत नाही. काय करू?

*

कागलची_शिक्षिका
रविवार, दुपारी १२:०५

ताई, लपवालपवी करा. एकाला दाराबाहेर पाठवा, बाकीच्यांनी किल्ली लपवायची. तो आत आला की जागा बघायची नाही, फक्त विचारायचं: टेबलाखाली आहे का? पिशवीत आहे का? आमच्याकडे लांब असला की 'थंड', जवळ आला की 'गरम' म्हणतात.

*

घरबसल्या_शिकवणी
रविवार, दुपारी १२:४०

आणि जर्मन मुलंही अगदी हेच ओरडतात! 'काल्ट', 'वार्म', 'हाइस'. वाढदिवसाला डोळे बांधून, पळी घेऊन पालथं पातेलं शोधायला लावतात तेव्हा. फक्त ताई, बावीस जणांत एकच विचारणारा ठेवू नका. चौघाचौघांचे गट, प्रत्येक गटानं आपल्या टेबलाभोवतीच खोडरबर लपवायचं. विचारणाऱ्यानं डोळे मिटायचे, उठायची गरजच नाही.

*

संध्याकाळची_बॅच
रविवार, दुपारी १:१५

पाच गट, पाच खोडरबर, एकदम. 'उंटर डेम श्टूल?' 'काल्ट!' 'नेबन डेर टाश?' 'वार्म!' म्हणजे एका मिनिटात एका गटात आठ-दहा वेळा तरी 'डेम' आणि 'डेर' होतील. मंगळवारी हेच घेते. @भट्टीवाला दादा, तुमचा क्लास मंगळवारी नसेल तर साडेसहाला आमच्याकडे या, एका गटात एक माणूस कमी पडतोय.

*

भट्टीवाला
रविवार, दुपारी १:३२

पहिली शिफ्ट आहे, सुटतो साडेतीनला. येतो.